पुष्प सातवं : आम्पारो

कॅनडातल्या यॉर्क मराठी कला मंडळाच्या 'विश्वस्वर' मालिकेचं यंदाचं सातवं पुष्प स्पेनला वाहायचं ठरलं, कारण गेल्या मे महिन्यात मंडळाचे अध्यक्ष प्रताप सबनीस स्पेनला जाऊन आले होते. नऊ दिवस, अकरा शहरं, सोबत पुण्याची टूर कंपनी आणि दोन्ही वेळ वरण-भात. एवढ्या अनुभवावर एखादा माणूस स्पेनविषयी गप्प बसला असता. प्रताप तसा नव्हता. आदल्या वर्षी तो ग्रीसला गेला होता, म्हणून सहावं पुष्प ग्रीसचं होतं. त्याच्या आधीच्या वर्षी कंबर धरल्यामुळे तो कुठेच गेला नाही, आणि पाचवं पुष्प आयत्या वेळी विदर्भाला वाहिलं गेलं.

मालिकेची पद्धत ठरलेली. एक परदेशी गायिका निवडायची, ती शक्यतो गरिबीत जन्मलेली आणि नवऱ्याने छळलेली असावी. तिचं आयुष्य निवेदनातून सांगायचं आणि मधे मधे तिची गाणी मराठीत म्हणायची. गाणी मराठीत आणण्याचं काम जनार्दनकाका बापटांकडे. काका मुलाकडे रिचमंड हिलला राहायला आल्यापासून मंडळाचे कवी होते. त्यांना ग्रीक येत नव्हतं, तसं स्पॅनिशही येत नव्हतं. "चाल कळली की अर्थ आपोआप कळतो," असं ते म्हणत, आणि त्यांना कळलेला अर्थ दरवेळी चांदण्यात उभ्या असलेल्या सखीचाच निघे. मासळीच्या टोपलीवरचं एक खट्याळ स्पॅनिश गाणं त्यांच्या हाताखालून गेलं तेव्हा टोपलीचा कलश झाला होता आणि मासळीचा पत्ता नव्हता.

यंदाची गायिका आम्पारो ब्रियोनेस. दक्षिणेकडच्या एका बंदरगावातली कोळ्याची पोर. नवव्या वर्षी लग्नांतून गायला लागली, सोळाव्या वर्षी सिनेमात आली. पुढे तेवीस सिनेमे केले, आणि त्यातल्या वीस सिनेमांत ती अनाथ मुलगी असून शेवटी जमीनदाराची निघते. गावात तिचा पुतळा आहे, संग्रहालय आहे, पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीला तिचं नाव आहे. नऊ वर्षांपूर्वी ती वारली तेव्हा गावाने तीन दिवस दुकानं बंद ठेवली. प्रतापला ही सगळी माहिती टूरच्या बसमध्ये, डुलकी आणि डुलकीच्या मधे मिळाली होती. पोस्टरवर त्याने छापून टाकलं : 'स्पेनची गानकोकिळा'.

माधवी, म्हणजे प्रतापची बायको, हे सगळं तेवीस वर्षं बघत आली होती. ती मिरजेची. तिथे बारा वर्षं तंबोऱ्यापुढे बसून ती विशारद झाली होती, आणि या शिक्षणाचा कॅनडात झालेला एकमेव उपयोग म्हणजे घरातला फ्रिज कुठल्या पट्टीत गुरगुरतो हे तिला कळत असे. नवरा कुठल्या पट्टीत गातो हे मात्र कळत नसे, कारण तो एका पट्टीत राहत नसे. मंडळात ती कधी गायली नाही. पहिल्या वर्षी विचारणा झाली होती; तिने "रियाज सुटलाय" म्हणून सांगितलं, आणि लोकांनी ते इतक्या चटकन मान्य केलं की तिला त्यांच्याविषयी जो तिटकारा वाटला तो आजतागायत टिकून होता.

नोकरी ती रिचमंड हिलमधल्याच एका वृद्धनिवासात करी. पद अ‍ॅक्टिव्हिटी को-ऑर्डिनेटरचं. सकाळी खुर्चीत बसून करायचा योग, दुपारी बिंगो, गुरुवारी 'कल्चर'. गुरुवारी चार स्पॅनिश म्हाताऱ्या कोपऱ्यातलं टेबल अडवून बसत. टेबलावर आम्पारोची चौकट आणि तिच्यापुढे बॅटरीवर चालणारी मेणबत्ती, कारण खरी लावायला फायर कोडची परवानगी नव्हती. त्यांची पुढारी मेर्सेदेस. जाडजूड, सोन्याच्या कड्यांची, आणि आम्पारोच्या बाबतीत संग्रहालयापेक्षा कडक. आम्पारो एकदा कुठल्याशा मुलाखतीत म्हणाली होती की "आवाज उसना आणता येत नाही, तो देवाकडून मिळतो किंवा मिळत नाही." मेर्सेदेस हे वाक्य दर गुरुवारी नव्याने ऐकल्यासारखं म्हणे आणि बाकीच्या दोघी मान डोलवत.

चौथी पिलार. वय शहाऐंशी, अंगाने मूठभर, ओठांना रोज लिपस्टिक. एकेकाळी ती आम्पारोची कपडेवाली होती. तिचे झगे धुवायचे, इस्त्री करायचे, शूटिंगच्या वेळी मागे उभं राहून हुक लावायचे. पुढे नवऱ्याला कॅनडात काँक्रीटचं काम मिळालं आणि ती इकडे आली. पन्नास वर्षांत तिला इथे कोणी विचारलं नव्हतं. या टेबलावर मात्र ती राणी होती. आम्पारोला लसूण किती लागायचा, आम्पारो कुठल्या कुशीवर झोपायची, हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी जगात ती एकच बाई उरली होती. तिच्याशिवाय मेर्सेदेसचं पत्त्याचं पानही हलत नसे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी माधवीने म्हाताऱ्यांसाठी आम्पारोची जुनी रेकॉर्ड लावली आणि टॉवेल आणायला कपड्यांच्या खोलीकडे गेली. खोलीत पिलार एकटीच नॅपकिनांच्या घड्या घालत होती, आणि बाहेर वाजणाऱ्या गाण्याबरोबर हलक्या आवाजात गात होती. माधवी दारातच थांबली. सुराला खालून अलगद स्पर्श करत वर जायची ती लकब, तिसऱ्या ओळीआधी चोरलेला तो श्वास. बाहेरचं गाणं आणि आतलं गाणं एकाच गळ्यातून येत होतं. मधे फक्त पंचावन्न वर्षं होती.

"ही तू आहेस," माधवी इंग्रजीत म्हणाली. इंग्रजी दोघींनाही परकंच होतं, त्यामुळे खोटं बोलायला कोणालाच जमलं नाही.

पिलारने आधी दार लावलं. मग सांगितलं. सत्ताविसाव्या वर्षी आम्पारोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्यापुढचे अकरा सिनेमे आणि सहा रेकॉर्डी पिलारच्या. स्टुडिओच्या मागच्या दाराने जायचं, गायचं, आणि परत येऊन झग्याचे हुक लावायचे.

"बाई आळशी होती. दोनदा मला थोबाडीत मारलीय तिने," पिलार म्हणाली. "पण तिने मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. शब्द दिला. ती मेली म्हणून मी दिलेला शब्द मरत नाही."

"पण लोकांना कळायला हवं…"

"कुठल्या लोकांना? मेर्सेदेसला?" पिलारने घडी दाबली. "आम्ही चौघी आहोत, वयाची सरासरी त्र्याऐंशी. उद्या कळलं तर एक तर मी खोटारडी ठरेन, नाही तर ती. काहीही ठरलं तरी गुरुवारी माझ्याशी पत्ते कोण खेळणार? तू?"

माधवीला पत्ते येत नव्हते. तिने कोणाला न सांगण्याचं कबूल केलं. खरं तर यात इतकं लपवण्यासारखं काय आहे, हे तिला मनातून कळलंच नव्हतं. ज्या देशात नटी पडद्यावर ओठ हलवते, गाते दुसरीच, आणि दुसरीचं नाव पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरांत छापतात, त्या देशात ती वाढली होती. पिलारची गोष्ट तिला पापासारखी वाटलीच नाही, मानपत्रासारखी वाटली. तिची चूक खरं म्हणजे तिथेच झाली.

ती गोष्ट तोंडातून बाहेर पडायला जानेवारी उजाडला. प्रताप जेवणाच्या टेबलाशी निवेदनाची तालीम करत होता, चष्मा कपाळावर, हात हवेत. स्पॅनिश म्हाताऱ्यांना निवासाच्या व्हॅनमधून कार्यक्रमाला आणायचं त्याने माधवीकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. "पहिल्या रांगेत अस्सल माणसं बसली की वजन पडतं," असं त्याचं म्हणणं.

"…आणि रसिकहो," प्रताप म्हणाला, "वयाच्या चाळिशीतही त्या स्वरात तीच कोवळीक, तोच दाणेदारपणा…"

"डॅड, यू सेड दाणेदार अबाउट द ग्रीक लेडी टू," सतरा वर्षांची केया फोनमधून मान न काढता म्हणाली.

"कारण तीही दाणेदार होती. माधवी, तू सांग. पहिल्या गाण्यात आणि शेवटच्या गाण्यात काही फरक जाणवतो? तोच आवाज!"

इथे माधवी गप्प बसली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याला षड्ज सापडत नाही असा माणूस आपल्याला दाणेदारपणा समजावून सांगतोय, हे तिला गिळवेना.

"तोच नाहीये," ती म्हणाली. "बहिऱ्यालाही कळेल. पहिली अकरा वर्षं एक बाई आहे, नंतर दुसरी."

मग दुसरी कोण हे सांगावं लागलं. आणि सांगून झाल्यावर घाईघाईने, "पण हे कुठे बोलायचं नाही. मी शब्द दिलाय. तूही दे."

"अगं, यात बोलू नये असं काय आहे? प्लेबॅकच ना?"

"त्यांच्यात तसं नसतं."

"बरं बाई, दिला शब्द. तिला एका अक्षराने बोलणार नाही," प्रताप म्हणाला, आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळला. माधवीला त्या सहजपणाची शंका यायला हवी होती. पण नवरा तिचं म्हणणं कधी ऐकतच नाही, या खात्रीवर तिचा संसार उभा होता. हे एवढं एकच त्याने नेमकं ऐकलं असेल, असं तिला वाटलं नाही.

कार्यक्रम मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, वॉनमधल्या एका बँक्वेट हॉलमध्ये. एका बाजूला फरश्यांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला टायरवाला, आणि पार्किंगच्या कडेला काळा पडलेला बर्फाचा ढीग. तीनचा कार्यक्रम चारला सुरू झाला, म्हणजे वेळेच्या जरा आधीच. दोनशे माणसं आली होती. बायका नऊवारी नेसून वर पफी जॅकेटं घालून आल्या होत्या, आणि वडापावचा वास स्वागतगीताच्या आधीच हॉलभर पसरला होता. चार म्हाताऱ्या पहिल्या रांगेत बसल्या. मेर्सेदेसने चौकट मांडीवर घेतली होती. पिलारने मोत्यांची माळ घातली होती आणि पाय जमिनीला टेकत नसल्यामुळे ती हवेतच ताल धरत होती.

पूर्वार्ध जसा व्हायचा तसा झाला. वॉनमध्ये दातांचा दवाखाना चालवणारी चैत्राली आम्पारोची गाणी गायली. गळा बरा होता, पण ती प्रत्येक स्वर असा खेचून काढी की ऐकणाऱ्याने तोंड उघडून बसावं. सखी चांदण्यात चार वेळा उभी राहिली. प्रतापने आम्पारोच्या कोळी बापाचं वर्णन करताना आवंढा गिळला; संहितेत त्या जागी कंसात 'आवंढा' असं लिहिलेलं माधवीने पाहिलं होतं. म्हाताऱ्यांना काही कळत नव्हतं, पण आम्पारोचं नाव आलं की मेर्सेदेस चौकट वर धरी आणि लोक टाळ्या वाजवत.

मध्यंतरात माधवी चहाचे कप घेऊन विंगेत गेली. तिथे एका खुर्चीवर ताट होतं. ताटात शाल, नारळ, आणि काचेचं स्मृतिचिन्ह. काचेवर कोरलेलं : 'आम्पारोचा खरा आवाज, स्वरसम्राज्ञी पिलार यांस सादर'. असं कोरून मिळायला तीन आठवडे लागतात, हे माधवीला माहीत होतं.

"हे काय आहे?"

"सरप्राइज," प्रताप म्हणाला. तो दाढीला पावडर लावत होता.

"तू शब्द दिला होतास."

"तिला एका अक्षराने बोलणार नाही, असा दिला होता. बोललोय का मी तिला? म्हणून तर सरप्राइज."

"प्रताप, तिकडे याला फसवणूक म्हणतात. तिच्या मैत्रिणी तिला टाकतील."

"साठ वर्षं अंधारात काढली गं त्या माउलीने! जगाने नाही दिला तो मान महाराष्ट्राने दिला, असं होईल ते. तू विचार कर."

"मी विचार केलाय. करू नकोस."

"तुझं हे नेहमीचंच आहे, माधवी. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याने केलं की बघवत नाही." आणि तो माइक तपासायला गेला. 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' हे त्याने आम्पारोच्या कोळी बापाच्याच आवाजात म्हटलं.

माधवी धावत पहिल्या रांगेशी आली आणि पिलारच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "चल, वॉशरूमला जाऊ."

"आत्ताच जाऊन आली ती," मेर्सेदेस म्हणाली. "काय छान कार्यक्रम आहे! मला एक शब्द कळला नाही."

माधवी पिलारच्या कानाशी गेली. "तो सांगणार आहे. स्टेजवरून. आत्ता."

"कोण?"

"माझा नवरा."

पिलारने तिच्याकडे पाहिलं. "आणि त्याला कोणी सांगितलं?"

दिवे मालवले म्हणून माधवीला उत्तर द्यावं लागलं नाही. अंधारात पिलारचा हात तिच्या हाताखालून निघून गेला आणि स्वतःच्या मांडीवर जाऊन बसला.

प्रतापने फार वेळ लावला नाही, सातच मिनिटं. आधी मराठीत, मग 'अवर स्पॅनिश गेस्ट्ससाठी' इंग्रजीत. अकरा सिनेमे, सहा रेकॉर्डी, मागचं दार. "लेडीज अँड जेंटलमेन, द रिअल व्हॉइस ऑफ आम्पारो इज नॉट इन स्पेन! शी इज सिटिंग इन वॉन!" दोनशे माणसं एकदम उभी राहिली. टाळ्या अशा काही कडाडल्या की शेजारच्या टायरवाल्याचा माणूस दारातून डोकावून गेला. त्या टाळ्या अगदी मनापासूनच्या होत्या; खोटेपणा असता तर माधवीला निदान रागावता आलं असतं.

मेर्सेदेस उभी राहिली नाही. तिने चौकट उलटी करून मांडीवर ठेवली.

चैत्रालीने पिलारला हाताला धरून वर नेलं. प्रतापने शाल घातली. तिच्या अंगाला ती तंबूसारखी झाली. तिने माइक हातात घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "या गृहस्थांची चूक होते आहे. मी बाईंचे कपडे धूत होते."

पुन्हा टाळ्या. "काय विनम्रता आहे!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मी विनम्र नाही," पिलार म्हणाली. "मी इस्त्री करायचे."

आता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठा कलावंत आपण कोणी नाही असं म्हणतो, हे या हॉलमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तिने तिसऱ्यांदा नाकारलं असतं तर देवळात नेऊन बसवली असती. जनार्दनकाका गुडघ्यांवर हात टेकत स्टेजवर चढले आणि सरळ तिच्या पाया पडले. पिलार घाबरून एक पाऊल मागे सरकली.

तेव्हा मेर्सेदेस उठली. तिने स्पॅनिशमध्ये एकच प्रश्न विचारला. तेवढं स्पॅनिश माधवीला गुरुवारांनी शिकवलं होतं : खरं आहे का?

"मी कपडे धूत होते," पिलार स्पॅनिशमध्ये म्हणाली. "तुला माहीत आहे."

"मग हा माणूस तुझ्या पाया का पडतोय?"

 याचं उत्तर कोणालाच स्पॅनिशमध्ये सांगता आलं नसतं.

"गा," मेर्सेदेस म्हणाली. "गाऊन दाखव."

आणि नेमकं त्याच क्षणी मागच्या रांगांतून, स्वतंत्रपणे, तीच मागणी सुरू झाली. "आजी, दोन ओळी! फक्त दोन ओळी!" "वन्स मोअर!" असंही एक जण ओरडला, अजून एकदाही झालं नसताना. प्रतापने कीबोर्डवर बसलेल्या पुष्करला खूण केली. "पुष्कर, मासळीचं. सूर दे त्यांना."

पुष्करने सूर दिला. माधवीने खुर्चीचा दांडा धरला. तिला काय होणार हे ठाऊक होतं. साठ वर्षं कपड्यांच्या खोलीत कोंडलेला गळा, समोर दोनशे माणसं, हातात माइक. कुठला गाणारा अशा वेळी गाणार नाही? दोन ओळींत संपणार होतं सगळं. मेर्सेदेसचे कान तिखट होते, पहिल्याच जागेला तिने ओळखलं असतं. माधवीला आणखी एक गोष्ट कळत होती आणि तिची लाज वाटत होती : तिला ते ऐकायचं होतं.

पिलार गायली.

सुरापासून ती दोन श्रुती खाली होती. पुष्कर वर गेला की तीही वर जाई, तो वळला की वळे, पण सगळीकडे बरोबर दोन श्रुती खाली, काठीने मोजून घेतल्यासारखी. आवाज नाकातून येत होता. श्वास शब्दाच्या मधोमध तुटत होता. हॉलमधल्या लोकांचे चेहरे हळूहळू बदलत गेले. शेजाऱ्याच्या मुलाचं व्हायोलिन ऐकताना करतात तसे. चैत्रालीने जमिनीकडे पाहिलं. पुष्करने बिचाऱ्याने आपलीच पट्टी चुकली असं समजून ती बदलली, तर पिलार नव्या पट्टीलाही दोन श्रुती खाली राहिली.

 दुसऱ्या ओळीला मेर्सेदेसचे खांदे हलायला लागले. तिसऱ्या ओळीला ती मोठ्याने हसली आणि बाकीच्या दोघींना कोपराने ढोसत म्हणाली, "बकरी! इस्त्रीवाली बकरी!" तिने चौकट सुलटी केली, आम्पारोच्या फोटोचा मुका घेतला आणि सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

बाकीच्यांनीही वाजवल्या, सभ्यपणे. "वय झालं हो त्यांचं," कोणीतरी म्हणालं. जनार्दनकाका पाया पडलेले होते ते परत घेता येत नव्हतं, म्हणून ते खोकत बसले. प्रतापने माइक काढून घेतला आणि काळ निष्ठुर असतो अशा अर्थाचं काहीतरी बोलून पुढच्या गाण्याकडे गेला. तिथेही सखीच होती.

कार्यक्रम संपल्यावर लोक जेवणाच्या रांगेला लागले. पिलार एका खुर्चीवर शाल घेऊन बसली होती, आणि जाता-येता बायका तिच्या खांद्यावर थोपटत होत्या. "इट्स ओके, आंटी. इट हॅपन्स." पिलार प्रत्येकीला "थँक यू" म्हणत होती. मेर्सेदेस रांगेत पुढे होती आणि श्रीखंडाविषयी प्रश्न विचारत होती.

माधवी पिलारशेजारी बसली. क्षमा मागायला तोंड उघडलं, पण पिलारनेच आधी विचारलं.

"कसं झालं?"

"भयंकर."

"किती खाली?"

"अर्ध्या सुराला थोडं कमी."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. एकदाही सूर लागला नाही."

"चौथ्या ओळीला एकदा लागणार होता," पिलार म्हणाली. "ओढून धरला. तुला कळलं?"

"कळलं."

पिलारने मान हलवली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते समाधान होतं, आणि ते बघायला त्या हॉलमध्ये एकच माणूस होतं. त्याच माणसाने तिच्यावर ही वेळ आणली होती. मग तो चेहरा मिटला.

"बरोबर गाणं सोपं असतं," ती म्हणाली. "आता तू तुझं काम कर. मेर्सेदेस विचारायला येईल. आणि माझ्याकडे गुरुवारी येऊन बसू नकोस."

मेर्सेदेस आलीच, हातात दोन वाट्या घेऊन. तिच्या मागोमाग प्रतापही आला, तोंडावर अपमान झालेल्या यजमानाचा भाव घेऊन.

"मला सांग," मेर्सेदेस माधवीला म्हणाली, "हा मूर्खपणा कोणाच्या डोक्यातून निघाला?"

"हिच्याच," प्रतापने लगेच बोट दाखवलं. "शी टोल्ड मी. मी विश्वास ठेवला. माधवी, तू स्वतःच्या कानांनी ऐकलं होतंस ना? एकाच गळ्यातून, म्हणे! बहिऱ्यालाही कळेल, म्हणे!"

अवतीभवती पाच-सहा जण प्लेटा घेऊन उभे राहिले होते. चैत्राली होती, पुष्कर होता, काका होते. तेवीस वर्षं ज्यांच्या सुरांची माधवीने मनातल्या मनात सालटी काढली ते सगळे होते. पिलार मेर्सेदेसच्या हातातल्या श्रीखंडाकडे बघत होती.

"मी चुकले," माधवी आधी इंग्रजीत म्हणाली, मेर्सेदेससाठी. मग मराठीत, बाकीच्यांसाठी. "बाहेर रेकॉर्ड लागली होती. मला वाटलं तीच गातेय. माझ्या कानाचा काही भरवसा नाही."

"आणि म्हणे विशारद," प्रताप म्हणाला. पण त्याचा चेहरा उजळला होता. तो गर्दीकडे वळला. "जाऊ द्या हो. गाण्यातलं सगळ्यांनाच कळतं असं नाही. आपण आपलं हसून सोडून द्यायचं."

चैत्रालीने माधवीच्या दंडावर हात ठेवला आणि फार समजूतदारपणे सांगितलं की तिच्याकडे रविवारी सकाळी सुगम संगीताचा वर्ग असतो, अगदी बिगिनर्ससाठी, आवडलं तर यावं.

"येते," माधवी म्हणाली.

मेर्सेदेसने दुसरी वाटी पिलारसमोर धरली, तिच्याशेजारची खुर्ची ओढली आणि आम्पारोने हे केशरी प्रकरण खाल्लं असतं की नसतं, हे एकदाचं सांग म्हणाली. पिलारने छातीवर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.